सूर्याला कोण उचलतं?

बी.एड.च्या वर्षातली गोष्ट. वीस-बावीस वर्षे झाली असतील. माझ्या दोन अध्यापन पद्धती होत्या, उर्दू आणि इंग्रजी. इंग्रजीचा सराव पाठ एका मराठी शाळेत लागला होता. फळ्यावर मला ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ असे साधे वाक्य इंग्रजीत लिहायचे होते. त्यासाठी ‘राइज’ हे क्रियापद हवे. घाईत हातून ‘रेझ’ लिहिले गेले. मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसलेले गृहस्थ तिथूनच म्हणाले, “बाई, सूर्याला कोण उचलतं? क्रेन लावता काय?” वर्ग खो खो हसला. मी शब्द पुसला, नीट लिहिला आणि पाठ पूर्ण केला. तास संपल्यावर वहीवर सही करताना ते आणखी एक वाक्य बोलले, “उर्दू माध्यमाचं इंग्रजी असंच असायचं.”

पहिले बोलणे माझ्या चुकीवर होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. चूक ती चूकच. दुसरे बोलणे मात्र माझ्यावर, माझ्या शाळेवर आणि माझ्या भाषेवर होते. पदवी मिळाली, नोकरी लागली. मुख्याध्यापकांनी विषय विचारले तेव्हा मी उर्दू आणि मराठी मागून घेतले. इंग्रजीचे नाव काढले नाही. कोणी कारण विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

या वर्षी इंग्रजीच्या शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि आठवीचा तास माझ्याकडे आला. पहिल्याच आठवड्यात ‘माझी आई’ या विषयावर पाच वाक्ये लिहायला सांगितली. एका मुलीने लिहिले होते की तिची अम्मी पहाटे पाच वाजता उठते, आणि क्रियापद होते ‘रेझ’. लाल पेन उचलले आणि हात थांबला. मुलीला टेबलापाशी बोलावले आणि आमच्या घरगुती दखनीत विचारले, “अम्मी उठते के उठाते?” ती क्षणभर विचारात पडली आणि म्हणाली, “दोनों करते, टीचर. पहले खुद उठते, फिर हम सबको उठाते.”

या एका उत्तरात सगळा धडा होता. उठणे आणि उठवणे यांतला फरक या मुलीला पाळण्यापासून माहीत आहे. उर्दूत ती यात कधी चुकणार नाही, मराठीतही नाही. मग इंग्रजीतच का चुकते? आणि इंग्रजी ज्यांच्या घरातली भाषा, ते तरी चुकत नाहीत का? या प्रश्नांच्या मागे लागून गेले काही महिने मी जे वाचले, ते इथे मांडते.

इंग्रजीत काही क्रियापदांच्या जोड्या आहेत, ज्या जगभर गोंधळ घालतात. ‘राइज’ म्हणजे स्वतः उठणे, ‘रेझ’ म्हणजे दुसऱ्याला वर उचलणे. ‘सिट’ म्हणजे बसणे, ‘सेट’ म्हणजे बसवणे, ठेवणे. ‘लाय’ म्हणजे आडवे होणे, पडून राहणे. ‘ले’ म्हणजे आडवे ठेवणे, अंथरणे, घालणे. कोंबडी अंडे घालते तेही ‘ले’. ‘फॉल’ म्हणजे पडणे, ‘फेल’ म्हणजे झाड तोडून पाडणे. (नापास होण्याचा ‘फेल’ वेगळा, आणि उर्दू व्याकरणातला ‘फ़ेल’, म्हणजे क्रियापद, तो आणखी वेगळा.) ‘ड्रिंक’ म्हणजे पिणे आणि ‘ड्रेंच’ म्हणजे मुळात पाजणे, आज त्याचा अर्थ चिंब भिजवणे असा झाला असला, तरी जनावराच्या तोंडात औषध ओतण्याला इंग्रजीत अजून हाच शब्द आहे.

या सगळ्या जोड्या एकाच साच्यातून निघाल्या आहेत. पहिले क्रियापद म्हणजे आपण करायची क्रिया, दुसरे म्हणजे ती दुसऱ्याकडून घडवून आणणे. मराठी व्याकरणात दुसऱ्या प्रकाराला आपण प्रयोजक क्रियापद म्हणतो. उर्दूत ‘उठना’ हा फ़ेल-ए-लाज़िम आणि ‘उठाना’ हा फ़ेल-ए-मुतअद्दी. लाज़िम म्हणजे कर्त्याला चिकटून राहिलेला. मुतअद्दी म्हणजे कर्त्याला ओलांडून दुसऱ्यापर्यंत पोचणारा. दीर्घकाळ तेव्हाच्या औरंगाबादेत राहून काम केलेले मौलवी अब्दुल हक यांचे ‘कवायद-ए-उर्दू’ ज्यांनी चाळले असेल, त्यांना हे शब्द ओळखीचे असतील.

आता इतिहासाकडे येऊ. इंग्रजी, जर्मन, डॅनिश या भाषांची जी प्राचीन आजी होती, तिच्यात असे प्रयोजक क्रियापद बनवायचे एक सोपे अवजार होते. धातूचा स्वर बदलायचा आणि मागे ‘जन’सारखा प्रत्यय जोडायचा. त्या ‘ज’चा उच्चार आपल्या ‘य’सारखा होता. बसण्याच्या धातूपासून ‘सत्यन’, पडून राहण्याच्या धातूपासून ‘लग्यन’, अशी रूपे तयार झाली. पुढे या ‘य’च्या ओढीने आधीचा स्वर बदलला, ‘अ’चा ‘ए’ झाला, आणि प्रत्यय स्वतः झिजून गेला. मागे राहिले ‘सेट’ आणि ‘ले’. स्वरातला तेवढा फरक हीच त्या हरवलेल्या प्रत्ययाची खूण.

संस्कृत शिकलेल्यांना हा ‘य’ ओळखीचा वाटेल. ‘पतति’ म्हणजे पडतो, ‘पातयति’ म्हणजे पाडतो. स्वर बदलला आणि मागे ‘अय’ आला. हा योगायोग नाही. विल्यम जोन्सने १७८६ साली कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ झऱ्यातून निघाल्या असाव्यात असे सांगितले आणि तिथून या नात्याचा पद्धतशीर शोध सुरू झाला. संस्कृतचा ‘अय’ आणि जुन्या जर्मानिक भाषांचा ‘यन’ हे सख्खे भाऊ ठरले. आपल्या मराठीत तो ‘अय’ही झिजून गेला. ‘पातयति’पासून ‘पाडणे’ आले, ‘मारयति’पासून ‘मारणे’, ‘तारयति’पासून ‘तारणे’. म्हणजे मराठीतले पडणे-पाडणे, मरणे-मारणे आणि इंग्रजीतले ‘सिट’-‘सेट’, ‘लाय’-‘ले’ या जोड्या एकाच जुन्या कारखान्यातल्या आहेत. दोन्हीकडे प्रत्यय गेला आणि स्वराचा फरक तेवढा उरला.

शब्दांचीही नाती आहेत. ‘सिट’चा जो मूळ धातू, तोच संस्कृतात ‘सद्’. ‘उपनिषद्’ या शब्दात तोच बसला आहे. फारसीत त्याच धातूपासून ‘निशस्तन’ म्हणजे बसणे आले, आणि त्यातून आपल्या उर्दूतला ‘नशिस्त’. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी चार शायर जमतात आणि आपण म्हणतो, आज नशिस्त आहे. ती नशिस्त आणि इंग्रजीचे ‘सिट’ दूरची चुलत भावंडे आहेत.

‘राइज’ आणि ‘रेझ’ची गोष्ट याहून रंजक आहे. ‘राइज’ हा इंग्रजीचा घरचा शब्द. त्याचे प्रयोजक रूपही घरचेच होते, ते म्हणजे ‘रिअर’, म्हणजे उभे करणे, वाढवणे. पण ७९३ साली इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या लिंडिसफार्न बेटावरील मठावर व्हायकिंगांनी हल्ला केला आणि पुढची दोन-अडीच शतके उत्तरेकडचे हे लोक येत राहिले. आधी लुटारू म्हणून, मग शेतकरी आणि शेजारी म्हणून. १०१६ मध्ये तर डेन्मार्कचा कनूट इंग्लंडचा राजा झाला. त्यांच्या भाषेतले ‘एग’, ‘स्काय’, ‘नाइफ’, ‘विंडो’ असे रोजचे शब्द इंग्रजीत मिसळले. इतकेच काय, ‘दे’ आणि ‘देम’ ही सर्वनामेही त्यांचीच. ‘रेझ’ त्याच वाटेने आला. त्याने घरच्या ‘रिअर’ला बाजूला सारले. आज पोरे वाढवण्यासाठी इंग्रजीत दोन्ही शब्द चालतात. एक घरचा, एक बाहेरून येऊन घरचा झालेला.

‘राइज’मध्ये शेवटी ‘झ’, मग ‘रिअर’मध्ये ‘र’ कुठून आला? हे कोडे डॅनिश अभ्यासक कार्ल व्हर्नर याने १८७५च्या सुमारास सोडवले. शब्दातला आघात मुळात कोणत्या स्वरावर होता यावर पुढचे व्यंजन कसे बदलेल हे ठरत होते, असे त्याने दाखवले. जर्मानिक भाषांत तो जुना आघात केव्हाच पुसला गेला होता. तो जपला होता वैदिक संस्कृतने, पठणातल्या स्वरांच्या खुणांमध्ये. म्हणजे इंग्रजीच्या दोन क्रियापदांचे नाते उलगडायला आपल्याकडच्या पाठांतराची साक्ष काढावी लागली. माझ्या निरीक्षकांना हे सांगायला हवे होते, पण तेव्हा मलाच ठाऊक नव्हते.

आता मुख्य प्रश्न. ‘लाय’ आणि ‘ले’ यांचा गोंधळ का होतो? पहिले कारण रूपांचे आहे. ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’ होतो. आणि ‘ले’ हे तर दुसऱ्या क्रियापदाचे वर्तमानकाळी रूप. काल तो पडून होता, इथे ‘ले’. आज ती चादर अंथरते, इथेही ‘ले’. जुन्या इंग्रजीत या दोहोंचे उच्चार वेगळे होते. काळाच्या ओघात ते एकमेकांवर येऊन बसले. भरीला खोटे बोलण्यासाठीचे ‘लाय’ आहेच. त्याचा पडून राहण्याशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत ते पूर्ण वेगळे क्रियापद होते आणि जर्मन भाषेत ही दोन आजही वेगळी ऐकू येतात.

दुसरे कारण जास्त खोल आहे. प्रयोजक बनवायचे ते अवजारच इंग्रजीने हरवले. मराठीत आपण आजही कोणत्याही क्रियापदाला ‘व’ लावून नवे प्रयोजक घडवू शकतो: बसणे-बसवणे, शिकणे-शिकवणे, हसणे-हसवणे. उर्दू तर आणखी एक पायरी चढते: उठना, उठाना, उठवाना. पाच वर्षांचे पोरही न शिकवता हे करते. इंग्रजीत असा जिवंत प्रत्यय नाही. जुन्या जोड्या तेवढ्या पडक्या वाड्यातल्या खांबांसारख्या उभ्या आहेत. त्यामुळे इंग्रज मुलालाही त्या एकेक करून पाठ कराव्या लागतात.

आणि तो पाठ करताना चुकतोही. ‘लाय’च्या जागी ‘ले’ वापरण्याचे दाखले मध्ययुगापासून सापडतात. पुढे लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लोथ यांनी १७६२ साली इंग्रजीचे एक छोटे व्याकरण छापले. त्यात त्यांनी या गोंधळाची दखल घेतली आणि तोही मोठ्या कवीकडून झालेला दाखवला. पोपच्या ‘इलियड’च्या भाषांतरातून. बायरनने ‘चाइल्ड हॅरॉल्ड’च्या १८१८ मध्ये आलेल्या चौथ्या सर्गात यमक साधण्यासाठी हेच केले. त्यांना कोणी माध्यम विचारले नाही.

यात आणखी एक गंमत आहे. जळणे आणि जाळणे यांसाठीही जुन्या इंग्रजीत दोन क्रियापदे होती. ती कधीच एकमेकांत विरघळली आणि ‘बर्न’ हे एकच उरले. लाकूड ‘बर्न’ होते आणि माणूसही लाकूड ‘बर्न’ करतो. याला कोणी चूक म्हणत नाही. ‘लाय’ आणि ‘ले’ त्याच वाटेने निघाले होते, पण वाटेत व्याकरणाची पुस्तके आणि शाळा आल्या. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मध्यमवर्ग वाढत होता आणि ‘शुद्ध’ बोलणे ही वर चढण्याची शिडी झाली होती. लोथ यांच्यानंतर लिंडली मरे यांचे १७९५चे व्याकरण तर पुढे कित्येक दशके शाळाशाळांतून चालले. तेव्हापासून या जोड्या भाषेची बाब राहिल्या नाहीत. माणूस कोणत्या घरातला, हे ओळखण्याची खूण झाल्या. माझ्या वहीवर सही करणाऱ्या गृहस्थांच्या हातातली मोजपट्टी तिथून आली होती.

शिकणे-शिकवणे या जोडीची कथा तर आम्हा शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. जुन्या इंग्रजीत शिकवण्यासाठी ‘लर्न’चेच एक भावंड होते. ते मागे पडले आणि बराच काळ ‘लर्न’ हेच क्रियापद शिकणे आणि शिकवणे या दोन्ही अर्थांनी चालले. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मधला कॅलिबन आपल्याला मालकाची भाषा शिकवली गेल्याबद्दल संतापून बोलतो, तिथे ‘शिकवणे’ या अर्थी ‘लर्न’च आहे. आज आपल्या मुलाने तसे लिहिले तर आपण लाल रेघ मारू.

अरबीत हे फार नेटके आहे. अरबी दुसऱ्या कुळातली भाषा. तिचे संस्कृतशी किंवा इंग्रजीशी रक्ताचे नाते नाही. पण गरज सगळ्या माणसांची सारखीच. ‘अलिमा’ म्हणजे त्याला कळले, ‘अल्लमा’ म्हणजे त्याने शिकवले. मधला ‘ल’ दुप्पट केला की कळण्याचे शिकवणे होते. इल्म त्यातूनच आणि मुअल्लिमही. दुसरी रीत म्हणजे सुरुवातीला ‘अ’ जोडणे. ‘जलसा’ म्हणजे बसला, ‘अजलसा’ म्हणजे बसवले. पहिल्यातून मजलिस आली, दुसऱ्यातून इजलास. कचेरीच्या जुन्या कागदांत ‘इजलास’ सापडतो तो हाच. दाखल, खारीज हे कोर्टातले शब्दही अरबीतून फारसीमार्गे मराठीत आले. मूळ अर्थ ‘आत येणारा’ आणि ‘बाहेर पडणारा’. दुसऱ्याकडून घडवायचे तर मराठीने त्यांना ‘करणे’ जोडले: अर्ज दाखल होतो, वकील तो दाखल करतो. आमच्या आठवीच्या मुलांना हा फरक कोणी शिकवला नाही, तरी तो त्यांना येतो.

कोर्टावरून आठवले. टांगण्याच्या ‘हँग’ या क्रियापदाचे दोन भूतकाळ आहेत. चित्र टांगले तर ‘हंग’, माणसाला फाशी दिली तर ‘हँग्ड’. यामागेही दोन-तीन जुनी क्रियापदे एकत्र मिसळल्याचा इतिहास आहे. बाकी सगळीकडे ‘हंग’ पुढे गेला, पण शिक्षा सुनावण्याच्या भाषेत जुने रूप टिकून राहिले. कायद्याची भाषा सगळ्यात उशिरा बदलते. आपल्या सातबाऱ्यावरचे आणि कोर्टातले फारसी शब्द हेच सांगतात.

एक जोडी मात्र अशी आहे जिथे आपली भाषा आपल्याला अडवते. ‘लेंड’ म्हणजे उसने देणे, ‘बॉरो’ म्हणजे उसने घेणे. मराठीत ‘उसने’ हा शब्द तोच राहतो आणि देणे-घेणे बदलते. उर्दूत ‘उधार’चेही तसेच. त्यामुळे आपली मुले “मला पेन बॉरो कर” असे हमखास बोलतात. ‘बॉरो’ आला आहे तारण, जामीन या अर्थाच्या जुन्या शब्दापासून. घेणारा काहीतरी जामीन ठेवून घ्यायचा. हे सांगितले की मुलांच्या डोक्यात पक्के बसते, कारण जामीन म्हणजे काय हे त्यांना घरातून माहीत असते. आणि जर्मन भाषेत एकच क्रियापद देणे आणि घेणे दोन्हीसाठी चालते, म्हणजे आपण काही जगावेगळे नाही.

एवढे सगळे वाचून मी काय ठरवले? चूक दुरुस्त करायची नाही, असे नाही. ‘लाय’ आणि ‘ले’ बाहेरच्या जगात अजून मोजपट्टी म्हणून वापरले जातात. माझी मुले उद्या मुलाखतीला बसतील तेव्हा समोरच्याला बायरन सांगून भागणार नाही. म्हणून नियम शिकवायचाच, पण तो मुलांच्या जिभेवर आधीच असलेल्या भाषेतून. आता माझ्या फळ्यावर चार रकाने असतात: मराठी, उर्दू, अरबी आणि शेवटी इंग्रजी. उठणे, उठना, उठवणे, उठाना. मुले पहिले दोन रकाने ओरडून भरतात. तिसऱ्यात मदरशात जाणारी मुले पुढे येतात, जी एरवी इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून असतात. चौथ्या रकान्यापर्यंत पोचतो तेव्हा भीती निम्मी झालेली असते.

त्या मुलीच्या वहीत मी लाल रेघ मारली नाही. ‘रेझ’खाली पेन्सिलने ‘उठाते’ लिहिले आणि शेजारी ‘राइज’ लिहून त्याखाली ‘उठते’. झोपेतून उठवण्याला इंग्रजीत ‘वेक’ म्हणतात हेही सांगितले. दुसऱ्या दिवशी तिने अम्मीवर दोन वाक्ये लिहून आणली, दोन्ही बिनचूक.

मग मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “टीचर, सूरज डूबता उसको क्या बोलते इंग्लिश में?” मी म्हणाले, ‘सेट’. त्याने फळ्याकडे पाहिले. चौथ्या रकान्यात ‘सेट’समोर ‘बसवणे’ लिहिले होते. तो म्हणाला, “फिर सूरज को कौन बिठाता?”

वर्ग हसला. मीही हसले. इंग्रजीत सूर्य उगवताना ‘राइज’ होतो, आपला आपण; पण मावळताना ‘सेट’ होतो, जणू कोणीतरी त्याला बसवले. मध्ययुगापासून इंग्रज असेच म्हणत आले आहेत आणि कोणी त्यांना क्रेनबद्दल विचारले नाही. त्या मुलाचा प्रश्न मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. पुढच्या तासाची सुरुवात तिथूनच केली.